रडू थांबलं, पण गोडी परत आली नाही: यावर थेरपीत काय करता येतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: वय ३४, घर कोथरूडला, नोकरी खराडीत. नैराश्य आणि चिंता या दोन्हींसाठी आठ महिने थेरपी चालू आहे, त्याआधीपासून मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या आहेत. रडू थांबलंय, झोप लागते, छाती धडधडून मेट्रोतून मधल्याच स्टेशनला उतरायची वेळ आता येत नाही. पण छान असं काही वाटतच नाही. पूर्वी पेटी वाजवायचात, ती आता कापडाखाली झाकून ठेवली आहे. थेरपिस्टनं रोज एक आवडीची गोष्ट करायला आणि रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलंय, आणि तुम्ही विचारताय: ‘हे व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात मेसेजसारखंच नाही का? आनंद असा ठरवून आणता येतो का? की थेरपिस्ट बदलू?’

मी पुण्यात २२ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. तुम्हाला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान वगैरे इथे करणार नाही. पण असा प्रश्न माझ्या खोलीत महिन्यातून दोनदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा प्रश्न नीट मांडू. सकारात्मक कसं व्हायचं, हे तुम्ही विचारतच नाही आहात. दुखणं गेल्यावर बरं वाटायला हवं होतं, ते का वाटत नाही, हे विचारताय. आपण सगळेच धरून चालतो की दुःख खाली गेलं की सुख आपोआप वर येईल. तसं होत नाही. गार पाण्याचा नळ बंद केला म्हणून गिझर सुरू होत नाही. मानसशास्त्रात हे बरंच जुनं निरीक्षण आहे. डेव्हिड वॉटसन, ली ॲना क्लार्क आणि ऑके टेलेगन यांनी १९८८ मध्ये २० शब्दांची एक प्रश्नावली तयार केली. त्यातले दहा शब्द सुखद भावनांचे आहेत आणि दहा त्रासदायक भावनांचे. दोन्हींचे गुण वेगवेगळे काढायचे, कारण एक कमी झाली म्हणून दुसरी वाढतेच असं दिसत नव्हतं. पुढे १९९१ मध्ये क्लार्क आणि वॉटसन यांनी असंही मांडलं की त्रासदायक भावना चिंता आणि नैराश्य या दोन्हींत वाढलेल्या असतात, पण सुखद भावना आटणं ही खास नैराश्याची खूण आहे. या आटण्याला आमच्या भाषेत ॲन्हिडोनिया म्हणतात. मराठीत त्याला ‘गोडी जाणं’ हा चांगला शब्द आहे. लोक येऊन तेच म्हणतात, ‘मॅडम, कशात गोडीच राहिली नाही.’

आता आमच्या बाजूची एक चूक कबूल करते. नैराश्य मोजायला आम्ही पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी वापरतो. तिचे एकूण गुण ० ते २७. एखाद्याचे गुण १९ वरून ८ वर आले की क्लायंट खूश, डॉक्टर खूश, घरचेही खूश. त्यातला पहिलाच प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत गोष्टींमध्ये रस किंवा आनंद कमी वाटला का, हा असतो. झोप सुधारली, भूक सुधारली, रडू थांबलं, एकूण आकडा उतरला. आणि पहिल्या प्रश्नासमोर अजून ‘जवळजवळ रोज’ वरच खूण. सुरुवातीची कित्येक वर्षं मीही बेरीज बघायचे आणि फाइल बंद करायचे. तुमच्या थेरपिस्टनं आठ महिन्यांनी आनंदाचा विषय काढलाय याचा मला लागणारा अर्थ असा की त्यांनी बेरजेबरोबर तो पहिला प्रश्नही बघितलाय.

याचं एक कारण आमच्या धंद्याच्या इतिहासात आहे. गेली पन्नास-साठ वर्षं बोलून करायच्या उपचारांचा भर मुख्यतः त्रासदायक विचार आणि भीती कमी करण्यावर राहिला. ॲरन बेक यांनी विचार तपासायची पद्धत आणली आणि तिनं असंख्य लोकांचं भलं झालं, यात वाद नाही. त्याच सुमाराला, १९७० च्या दशकात, पीटर लेविनसन मात्र वेगळ्या टोकाकडून बघत होते. नैराश्यात माणसाच्या दिवसातून सुखाच्या गोष्टी गळत जातात. गळाल्या की मन आणखी खचतं. खचलं की आणखी गळतात. म्हणून आधी त्या गोष्टी दिवसात परत आणा, असं ते म्हणत. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटानं विचार-उपचाराचे तुकडे वेगळे करून पाहिले, तेव्हा नुसता हा ‘करण्याचा’ भागही पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. आणि २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मिशेल क्रास्क आणि डॅलसच्या अलिशिया मेउरेट यांनी सहकाऱ्यांबरोबर तुमच्याच प्रश्नावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ जण, १५ सेशन. एका गटाला त्रासदायक भावना कमी करणारा उपचार, दुसऱ्याला सुखद भावना वाढवणारा. सहा महिन्यांनी पाहिलं तर सुखद भावनांवर काम केलेल्या गटाची परिस्थिती अधिक चांगली होती. त्यांचं नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचारही जास्त कमी झालेले होते. ९६ ही संख्या मोठी नाही आणि ती माणसं अमेरिकेतली, हे लक्षात ठेवायचंच. तरी सुप्रभात मेसेजपेक्षा हे प्रकरण पुष्कळ वेगळं आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं.

मग तुम्हाला ते खोटं का वाटतं? कारण ते आत्ता खोटंच लागणार. तापातून उठलेल्या माणसाला आठवा. ताप उतरलेला असतो, पण तोंडाला चव नसते. आई तेव्हा पुरणपोळी वाढत नाही, आणि ‘चव आली की मग जेव’ असंही म्हणत नाही. मऊ भात, मेतकूट, वर तूप, चार घास. पहिल्या दिवशी भात कागदासारखा लागतो. दुसऱ्या दिवशीही. पण ते घास जात राहिले तरच चव परतते. तुम्ही पहिल्या घासाला ‘हे काही पुरणपोळीसारखं लागत नाही’ म्हणताय, आणि ते खरंच आहे.

काय वाढायचं हे मात्र चुकू शकतं. मी नवीन असताना माझ्याकडे सुखद गोष्टींची एक छापील यादी होती. लेविनसन यांची मूळ यादी ३२० गोष्टींची. माझी त्यातून कुणीतरी छाटून मराठी केलेली. मी ती शनिवार पेठेतल्या एका बाईंना दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती घडी घालून परत केली. म्हणाल्या, ‘ताई, यात टबात निवांत पडून राहा असं लिहिलंय. आमच्या वाड्यात नळाला सकाळी पाऊण तास पाणी येतं, आणि बाहेर तीन बिऱ्हाडं बादल्या घेऊन उभी असतात.’ त्या दिवसानंतर मी छापील यादी कुणाला दिली नाही. यादी त्या माणसाच्या गेलेल्या आयुष्यातून काढायची. बारा वर्षांच्या असताना सुट्टीत दुपारी काय करायचात? शेवटचं कधी वेळेचं भान गेलं होतं? कुणाच्या घरी गेलं की चप्पल काढतानाच बरं वाटायचं? उत्तरं येतात ती अशी: गादीच्या अभ्र्यांना शिवण मारणं, एसटीची खिडकी, भावाबरोबर कॅरम, एकटीनं भेळ खाणं. एका आजोबांनी ‘लोकांच्या सायकली दुरुस्त करणं’ म्हटलं होतं.

आता गोडीचं यंत्र कुठे अडतं ते बघू. मी त्याचे तीन सांधे धरते. पहिला ओढ, म्हणजे पुढच्या गोष्टीची वाट बघणं आणि तिच्यासाठी उठावंसं वाटणं. दुसरा चव, गोष्ट चालू असताना ती लागणं. तिसरा शिदोरी, म्हणजे झाल्यावर तिचं काहीतरी मागे उरणं आणि ‘हे मी केलं म्हणून बरं वाटलं’ अशी नोंद मनात होणं. हे माझे घरगुती शब्द आहेत, पण त्यामागे काम आहे. केंट बेरिज या मेंदूवैज्ञानिकांनी प्रयोगांतून दाखवलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक बंद असताना दुसरी चालू असू शकते. नैराश्यात बऱ्याचदा तसंच दिसतं: गेल्यावर ठीक वाटतं, पण जावंसं वाटत नाही. अशा माणसाला ‘मनापासून वाटेल तेव्हा जा’ म्हणणं म्हणजे बिघडलेल्या भागालाच विचारून निर्णय घेणं.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. निवृत्त गृहस्थ, पत्नी हयात, मुलगा परदेशी. पूर्वी दर रविवारी सकाळी मंडईत जाऊन भाजी आणायचे, दोन वर्षं बंद. आम्ही ठरवलं की एकदा जायचं, फक्त मंडई, वीस मिनिटं. जाण्याआधी वहीत लिहायचं: दहापैकी किती बरं वाटेल? त्यांनी लिहिलं, १. आल्यावर लिहिलं, ३. माझ्यासमोर वही ठेवून म्हणाले, ‘तीन म्हणजे नापासच की.’ मला त्या तीनात विशेष रस नव्हता. एक आणि तीन यांतल्या फरकात होता. नैराश्यातलं मन पुढचा अंदाज पडता सांगतं, आणि घरी बसलं की तो अंदाज कधी तपासलाच जात नाही. पाच-सहा रविवार हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की माणूस स्वतःच म्हणायला लागतो, ‘आधीचा आकडा काही खरा नसतो.’ वादविवाद करून हे मला कधी पटवता आलेलं नाही.

पण काम इथे अर्धंच झालं. ‘कसं होतं मंडईत?’ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘ठीक. गर्दी होती.’ दोन वर्षांनी मंडईत गेलेला पुणेकर आणि तीन शब्द! यालाही कारण आहे. मार्क विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ पासून दाखवलंय की खचलेल्या मनाची आठवण ढोबळ होते. प्रसंग आठवत नाहीत, शेरे आठवतात. आणि शेऱ्यावर कुणाचं पोट भरत नाही. म्हणून मी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि वर्तमानकाळात बोलायला लावलं. ‘मी मंडईत शिरतोय.’ पाय कुठे पडतोय? वास कसला येतोय? पहिल्यांदा काय दिसलं? हळूहळू आलं: ओल्या कोथिंबिरीच्या जुड्या, पाणी मारलेली मेथी, हातात घेतल्यावर गार लागलेली. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, ‘काका, लय दिवसांनी.’ इथे ते थांबले. मीही थांबले. ‘ऐकलं तेव्हा शरीरात कुठे काय झालं?’ छातीशी हात नेऊन म्हणाले, ‘इथे जरा सैल झालं.’ पंधरा मिनिटं गेली यात. पुन्हा आकडा विचारला तर ५. मंडईत असताना तीन, सांगताना पाच. चव तिथे होती, घ्यायची राहून गेली होती. पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी सोलाणे आणले. क्लायंटकडून भेट घ्यायची नाही असा आमचा नियम आहे. ओंजळभर सोलाणे मी घेतले.

एकदा चव लागायला लागली की ओढीवरही काम करता येतं. जायच्या आदल्या संध्याकाळी तोच प्रसंग पुढचा म्हणून डोळ्यांसमोर आणायचा, तितक्याच बारकाईनं: दार, जिना, पहिली पाच मिनिटं. फार चांगलं घडेल अशी स्वप्नं रंगवायची नाहीत. घडण्याची शक्यता आहे ते आणि तेवढंच.

तिसऱ्या सांध्याशी आपली जुनी दुश्मनी आहे, आणि तिचं नाव ‘पण’. ‘निकाल चांगला लागला, पण मुलंच हुशार होती.’ ‘बॉसनं कौतुक केलं, पण त्यांना राजीनामे नकोत म्हणून.’ ‘पोहे छान झाले होते, पण किती वाजले उठायला.’ सुखाचा क्षण येतो, आणि ‘पण’ येऊन त्यावर पाणी ओततो. शिदोरी बांधायच्या आधीच सांडते. (पुण्यात हे ओळखणं जरा अवघड जातं. इथे ‘वाईट नाही’ ही सर्वोच्च पावती आहे आणि स्वतःबद्दल बरं बोललं की माणूस आगाऊ ठरतो. त्यामुळे आजार किती आणि पेठ किती, हे मला वेगळं करावं लागतं.) मी वहीत ‘पण’च्या आधी पूर्णविराम द्यायला लावते. ‘निकाल चांगला लागला.’ थांबा. दोन श्वास. यात माझा वाटा कुठला? ‘मी जानेवारीपासून शनिवारी जादा तास घेतले.’ थांबा. मग खुशाल पुढचं वाक्य लिहा, तेही खरं असेल तर. वाईट झाकायचं नाही. त्याला रांगेत आपल्या नंबरावर उभं करायचं.

चिंता ज्यांची मुख्य तक्रार आहे त्यांच्यात आणखी एक गुंता सापडतो, आणि तुम्ही दोन्हींचा उल्लेख केलाय म्हणून तो जरा उलगडते. त्यांना सुखाचीच भीती वाटते. मिशेल न्यूमन आणि सँड्रा येरा यांनी २०११ मध्ये मांडलेली कल्पना अशी की सतत काळजी करणारा माणूस काळजी सोडत नाही, कारण बेसावध असताना वाईट बातमी आली तर पडणं उंचावरून होईल; आधीच खाली बसलं तर लागत नाही. काळजी हा त्याचा विमा असतो. आपल्याकडे तर हा विमा लहानपणीच उतरवून देतात. ‘फार खिदळू नका, रडायची वेळ येईल.’ ‘दृष्ट लागेल, बोलू नकोस.’ एक तरुण वडील माझ्याकडे यायचे, हिंजवडीत नोकरी. रविवारी मुलीला घेऊन तळजाईवर जायचे. ती मातीत खेळत हसायची आणि यांचा हात खिशातल्या फोनकडे जायचा: ऑफिसचा मेल, आईची तब्येत, मुलीच्या पायाखाली काच तर नाही ना. ‘ती हसते तेव्हाच मला सगळ्यात जास्त भीती वाटते,’ असं त्यांनी तिसऱ्या सेशनला सांगितलं, तेही मान खाली घालून, गुन्हा सांगावा तसं.

अशा वेळी ‘सुखाचे क्षण अनुभवा’ हा सल्ला बिनकामाचा असतो. उंचीची भीती असलेल्याला जिने चढवतो तसं इथे सुखाच्या पायऱ्या चढवाव्या लागतात. त्यांच्याबरोबर आम्ही दोन मिनिटांपासून सुरुवात केली. फोन गाडीत ठेवून दोन मिनिटं फक्त तिच्या हाताकडे बघायचं. भीती वर येईल, येऊ द्यायची, तपासायला उठायचं नाही. भीती आधी वाढेल हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर माणूस पहिल्याच रविवारी ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून देतो. त्यांना दहा मिनिटांवर यायला दोन महिने लागले. तुम्हाला पेटी झाकून ठेवावीशी का वाटते, हे याच अंगानंही एकदा तपासून बघा. चव गेली म्हणून झाकली की चव लागली तर काय, म्हणून झाकली?

आता तुमच्या रोजच्या तीन चांगल्या गोष्टी. हा व्यायाम मीही देते, पण सरसकट नाही, आणि बायकांना देताना फार जपून. एका क्लायंटची यादी अशी होती: मुलं निरोगी आहेत, नवऱ्याला व्यसन नाही, सासूबाई त्रास देत नाहीत. रोज तेच, क्रम बदलून. दोन आठवड्यांनी त्यांना आणखी वाईट वाटायला लागलं. वाटणारच. ती कृतज्ञतेची यादी नव्हतीच, स्वतःविरुद्ध गोळा केलेला पुरावा होता: इतकं सगळं असून मी रडते. आपल्या भाषेत आभार आणि उपकार यांचे बांध फार जवळ आहेत. पाय सहज पलीकडे पडतो. म्हणून मी अट घालते. गोष्ट आजचीच हवी, एका विशिष्ट क्षणाची हवी आणि शरीरानं अनुभवलेली हवी. ‘मुलं निरोगी’ चालणार नाही. ‘संध्याकाळी धाकट्यानं गार हात माझ्या मानेवर ठेवला’ चालेल. आणि रोज तीनचा कोटाही नको. आठवड्यातून दोन-तीनदा एकच, पण पाच ओळींत.

दुसऱ्यांसाठी काहीतरी चांगलं करा, हाही या उपचाराचा एक भाग असतो आणि एकलकोंड्या, घरी बसलेल्या माणसांना तो फार उपयोगी पडतो. पण पहाटे पाचला उठून तीन डबे भरणाऱ्या बाईला आणखी एक सत्कृत्य कशाला सांगायचं? तिला मी उलटं देते: या आठवड्यात कुणीतरी चहा करून दिला तर ‘अगं कशाला, मी केला असता’ न म्हणता बसून प्यायचा. अवघड जातं. एकीनं तर चहा पिऊन लगेच कप विसळला आणि मला प्रामाणिकपणे येऊन सांगितलं.

शब्दांचंही जरा बोलते. ‘आनंद’ हा शब्द फार वजनाचा आहे. त्याची वाट बघत बसलं की बाकीची छोटी पाहुणे मंडळी दारातून परत जातात. मी क्लायंटला वहीत आनंद लिहू देत नाही. निवांत वाटलं का? कुतूहल? गंमत? ऊब? हायसं? कौतुक? ‘जरा हलकं’? मराठीत यासाठी भरपूर शब्द आहेत आणि नेमका शब्द शोधतानाच भावना थोडी जास्त वेळ थांबते. तुम्ही लिहिलंय की छान काही वाटत नाही. त्याच प्रश्नात पुढे हेही लिहिलंय की पहाटे गॅलरीत चहा घेताना ‘त्रास नसतो’. त्या अर्ध्या तासाला दुसरा एखादा शब्द लागतो का, बघा.

इथवरचं थोडक्यात: दुःख कमी करणं आणि गोडी आणणं ही दोन कामं आहेत, तुमचं पहिलं बरंचसं झालंय. दुसऱ्यात ओढ, चव, शिदोरी यांपैकी काय अडलंय ते आधी शोधायचं आणि तिथेच सराव करायचा. सुरुवातीला ते बेचव लागणार, त्यावरून उपचार खोटा ठरत नाही.

आता यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते सांगायलाच हवं. शरीर आधी तपासा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन यांत गडबड असली तर माणूस असाच विझल्यासारखा होतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं मला सतत दिसतं. दुसरं, गोळ्या. एसएसआरआय या नैराश्य-चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या गटातल्या औषधांनी काही जणांच्या भावना दोन्ही बाजूंनी बोथट होतात. रडू येत नाही आणि हसूही येत नाही. तुमचं वर्णन वाचताना ही शंका मला आली. गोळ्या मनानं बंद किंवा कमी करू नका, त्यानं वेगळाच त्रास होतो. पण मानसोपचारतज्ज्ञांना याच शब्दांत सांगा, डोस किंवा औषध बदलून फरक पडू शकतो. तिसरं, पूर्वी कधी काही दिवस झोपेशिवाय प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, डोक्यात विचारांची शर्यत असं झालं असेल तर तेही सांगा. बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी फार वर जाण्याच्या आजारात, हे सगळं वेगळ्या बेतानं करावं लागतं. घरात मारहाण असेल, कर्जवाले दारात असतील, कुणी नुकतं गेलं असेल, तर वहीत गमती लिहायला सांगणं हा अपमान आहे. तिथे आधी दुसरी कामं असतात. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

थेरपिस्ट बदलायची का? मी आत्ता बदलणार नाही. ज्या बाईंनी तुमचं रडू थांबवलं आणि मेट्रोतला प्रवास परत मिळवून दिला, त्यांना तुम्ही ‘हे मला खोटं वाटतं’ हे तोंडावर सांगितलंय का? तुमच्या प्रश्नावरून वाटतं, नाही. ते सांगा. त्यांनी विचारलं, ‘कशातलं काय खोटं वाटतं?’ तर गाडी पुढे जाईल. त्यांनी ‘थोडं पॉझिटिव्ह राहायला हवं’ एवढंच म्हटलं, तर मग विचार करा. वेळेचा अंदाज हवा असेल तर वर सांगितलेला अभ्यास १५ सेशनचा होता. माझ्या अनुभवात सहा-आठ आठवड्यांच्या आत फारसं काही कळत नाही, आणि कळतं तेव्हाही बहुतेक वेळा आधी घरच्यांना कळतं. ‘आज तू गुणगुणत होतीस,’ असं कुणीतरी म्हणतं आणि माणूस चिडतो.

राहिली पेटी. ‘रोज अर्धा तास रियाज’ असं वहीत लिहिलं असेल तर ते आधी खोडा. ती पुरणपोळी झाली. या आठवड्यात एकदाच, घरात कुणी नसताना, कापड काढा, ते झटका, घडी करून बाजूला ठेवा. आधी आकडा लिहा. मग भात्याची खिट्टी काढून हवा भरा आणि एकच सूर धरा, काळी चार असो नाहीतर तुमची जी पट्टी असेल ती. हवा संपेपर्यंत ऐका. गाणं वाजवायचं नाही, हात जायला लागला तरी नाही. भाता लावा, पुन्हा आकडा लिहा. इतके दिवस बंद राहिल्यानं पावसाळ्यात एखादी पट्टी अडकलेली असेल किंवा एखादा सूर करकरत असेल. कुठला, तेही लिहून ठेवा आणि पुढच्या सेशनला घेऊन जा.